विमानाला काय कळतं?

गेल्या महिन्यात भाचीकडे चार दिवस राहायला गेले होते. तिची थोरली लेक यंदा बारावी झाली. सायन्सला होती, गणितात चांगले मार्क आहेत. रात्री जेवणं होता होता ती म्हणाली, "आज्जी, मला पायलट व्हायचंय." घरात ही बातमी जुनी असावी. कारण भाची लगेच उठून ताटं उचलायला लागली आणि भाचेजावई वर पंख्याकडे बघायला लागले!

मग हळूहळू सगळं कळलं. ट्रेनिंगचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. एवढे पैसे नोकरदार माणसाकडे कुठून असणार? गावाकडे एक प्लॉट आहे, तो विकायचा का, यावर दोन महिने घरात खल चालू आहे. मुलीने मोबाइलवर महिला वैमानिकांच्या दोन-तीन संघटना शोधून ठेवल्या होत्या. "यांतल्या कुणाशी तरी एकदा बोलू या ना बाबा," असा तिचा हट्ट. त्यावर भाचेजावई मला म्हणाले, "मावशी, तुम्हीच सांगा. विमानाला काय कळतं चालवणारा बाप्या आहे की बाई? परीक्षा एक, लायसन्स एक. मग बायकांची वेगळी संघटना कशाला? शेवटी महिला मंडळच ना ते. हारतुरे, फोटो आणि आठ मार्चचं भाषण."

खरं सांगू? मला पटकन उत्तर देता आलं नाही. हारतुऱ्यांबद्दल ते अगदीच चूक बोलत नव्हते. पण मनात कुठेतरी खुपलं. घरी आल्यावर महिनाभर या विषयावर वाचत बसले होते. आता जे वाटतं ते लिहिते. भाचेजावईही हे वाचतील, वाचू देत.

मुलीने दाखवलेल्या संघटनांपैकी एकीचं नाव होतं नाइंटी-नाइन्स. मला वाटलं हा काय पाढा आहे की काय! तर ती गोष्ट अशी. १९२९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बायकांची एक विमान शर्यत झाली, सांता मोनिकापासून क्लीव्हलँडपर्यंत. वीस जणी उतरल्या होत्या. वाटेत मार्व्हल क्रॉसन नावाची वैमानिक अपघातात गेली. लगेच आरडाओरडा सुरू झाला, शर्यत थांबवा, बायकांचं हे काम नव्हे. (पुरुष वैमानिक तेव्हा काही कमी मरत नव्हते, पण त्यावरून कुणी पुरुषांचं उड्डाण थांबवा म्हटल्याचं ऐकिवात नाही.) बाकीच्या जणी थांबल्या नाहीत. लुईस थाडन पहिली आली, अमेलिया इअरहार्ट तिसरी.

त्यानंतर काही जणींनी मिळून एक पत्र काढलं. लायसन्स असलेल्या बायका तेव्हा सगळ्या अमेरिकेत होत्या ११७. त्यांना लिहिलं की आपण एकदा भेटू. २ नोव्हेंबर १९२९ ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कर्टिस फील्ड नावाच्या विमानतळावरच्या हँगरमध्ये सव्वीस जणी जमल्या. चहा म्हणे हत्यारांच्या गाड्यावरून दिला होता. नाव काय ठेवायचं यावर बरीच चर्चा झाली. कुणी पक्ष्यांची नावं सुचवली, कुणी वेलींची. शेवटी ठरलं की जेवढ्या जणी संस्थापक सभासद होतील तोच आकडा नाव म्हणून घ्यायचा. आधी शहाऐंशी होता, मग सत्त्याण्णव, शेवटी नव्व्याण्णव. तेच नाव आजतागायत आहे. मला हे फार आवडलं. कुणा एकीचं नाव नाही, मोठा शब्द नाही. आपण किती जणी आहोत, एवढंच.

आता भाचेजावयांचा मुद्दा. विमानाला काही कळत नाही हे शंभर टक्के मान्य. पण विमानाच्या दारापर्यंत जायला मध्ये माणसं असतात, आणि त्यांना बरोब्बर कळतं.

हेलन रिची नावाच्या बाईंचं उदाहरण देते. १९३४ च्या अखेरीस सेंट्रल एअरलाइन्स या कंपनीने त्यांना वैमानिक म्हणून घेतलं. अमेरिकेत नेमाने चालणाऱ्या प्रवासी विमानसेवेत बाई वैमानिक, हे पहिल्यांदाच. पेपरात फोटो, कौतुक, सगळं झालं. पण वैमानिकांची जी मुख्य संघटना होती, एअर लाइन पायलट्स असोसिएशन, तिने त्यांना सभासदच करून घेतलं नाही. कारण एकच, बाई आहे. खराब हवेत त्यांना उडू द्यायचं नाही असं ठरलं. म्हणजे कंपनीत नाव आहे, गणवेश आहे, आणि विमान मात्र उभं. कित्येक महिन्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच फेऱ्या त्यांच्या वाट्याला आल्या. १९३५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर तिथल्या नियमित विमानसेवेत पुढची बाई वैमानिक आली ती १९७३ मध्ये, फ्रंटियर एअरलाइन्सच्या एमिली वॉर्नर. मध्ये गेली अडतीस वर्षं.

म्हणजे संघटना आधीपासून होतीच की! फक्त तिच्या नावात 'पुरुष' हा शब्द नव्हता. आपल्याला हे दिसत नाही, कारण जी नेहमीची असते तिला आपण संघटना म्हणतच नाही. भाचेजावई स्वतः तीन ठिकाणी सभासद आहेत. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, ऑफिसातल्या अधिकाऱ्यांची असोसिएशन आणि ज्ञातीचं मंडळ. बदली कुठे निघाली, कुणाला फोन करायचा, कुठल्या साहेबाशी जपून राहायचं, हे सगळं त्यांना चहाच्या टपरीवर कळतं. त्याला ते 'ओळखी' म्हणतात. बायकांनी तेच केलं की ते 'महिला मंडळ' होतं. (रागावू नका हं जावईबापू.)

हेलन रिचींचं पुढे काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सरकारी विमान खात्यात फीबी ऑम्ली नावाच्या वैमानिक बाई होत्या. त्यांनी एक योजना काढली होती. तेव्हा वैमानिक खाली बघून वाट शोधत, आणि वरून सगळी गावं सारखीच दिसतात. म्हणून गावातल्या मोठ्या छपरावर गावाचं नाव आणि दिशा रंगवून ठेवायची. या कामावर ऑम्लीबाईंनी वैमानिक बायकाच नेमल्या. शर्यत जिंकलेली लुईस थाडन त्यात होती, ब्लांच नॉयेस होती, आणि नोकरी गेलेली हेलन रिचीही. गावोगाव उडत जायचं, तिथल्या लोकांना पटवायचं, छप्पर निवडायचं. एका दारातून बाहेर काढलेल्या बाईला दुसऱ्या दारातून आत घेणारी कुणीतरी खुर्चीवर बसलेली होती, म्हणून हे झालं. नाइंटी-नाइन्सच्या सभासद आजही हे काम हौसेने करतात. विमानतळाच्या जमिनीवर गावाचं नाव, दिशांचं मोठं चक्र, स्वतः ब्रश आणि बादल्या घेऊन रंगवतात. त्याचे फोटो बघून मला हसू आलं. ही तर आपली रांगोळीच, फक्त वरून बघायची!

सगळंच असं रंगीत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हजारावर बायकांना लष्करी विमानं इकडून तिकडे नेण्यासाठी, चाचण्यांसाठी घेतलं. वास्प म्हणत त्यांना. त्यांतल्या अडतीस जणी कामावर असताना गेल्या. पण त्यांची गणना सैन्यात नव्हती, त्यामुळे शवपेटी घरी पाठवायचा खर्चसुद्धा सरकारचा नाही. तेव्हा बरोबरच्या मुलींनी वर्गणी काढून पेट्या घरी पाठवल्या. १९४४ च्या डिसेंबरात ते दल मोडलं, आणि माजी सैनिक म्हणून मान्यता मिळायला १९७७ उजाडलं. तीही या बायका म्हातारपणी पुन्हा एकत्र येऊन मागे लागल्या म्हणून. त्या वर्गणीबद्दल वाचल्यावर त्या दिवशी मी पुढे वाचलं नाही.

आता आपल्याकडे बघू. प्रेम माथुर या आपल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिकांपैकी. १९४७ मध्ये त्यांना लायसन्स मिळालं. आठ विमानकंपन्यांनी नाही म्हटलं, शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतलं. तिथेही विमानाची कॅप्टन होऊ दिलं नाही. १९४९ मध्ये राष्ट्रीय विमान शर्यत त्यांनी जिंकली, तरीही. मला सारखं वाटतं, त्या आठ नकारांच्या वेळी त्यांनी कुणाशी बोलून घेतलं असेल? दुसरी कोण होती? इंडियन एअरलाइन्समध्ये दुर्बा बॅनर्जी वैमानिक म्हणून लागल्या १९६६ मध्ये. आणि १९६७ मध्ये आपल्याकडे इंडियन विमेन पायलट्स असोसिएशन स्थापन झाली. चंदा बुधभट्टी पहिल्या अध्यक्ष. म्हणजे आकाशात बोटांवर मोजण्याइतक्या बायका होत्या तेव्हाच त्यांनी आधी एकमेकींना शोधलं.

या १९६७ सालाशी माझा एक हिशेब आहे. तो सांगण्यासाठीच खरं तर आज लिहायला बसले.

१९८३ ची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकवत होते. दहावीच्या निरोप समारंभाआधी मुलींना मी विचारत असे, पुढे काय करणार? नर्स, शिक्षिका, बँक, अशी ठरलेली उत्तरं यायची. त्या वर्षी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी विमान चालवणार." वर्ग हसला. मीही हसले. वर्ग सुटल्यावर ती टेबलाशी आली आणि विचारलं, त्यासाठी काय करावं लागतं? मला काहीच माहीत नव्हतं. ते कबूल करायच्या ऐवजी मी म्हटलं, "अगं, त्याला इंग्रजी लागतं, खूप शिक्षण लागतं, पैसा लागतो. तू आधी डी.एड. कर, मग बघू." हुशार मुलगी होती. तिने डी.एड. केलं.

दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, कोलकाता ते सिलचर एक विमान सगळ्या बायकांनी नेलं. फोकर फ्रेंडशिप जातीचं. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख, सहवैमानिक निवेदिता भसीन. देशमुख हे नाव बघून स्टाफरूममध्ये आम्हाला कोण आनंद झाला! आणि त्या आनंदातच मला ती मुलगी आठवली.

आता कळलेली गोष्ट ऐका. व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला बारावीचं फिजिक्स आणि गणित लागतं, ही अट आली नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. त्याआधी दहावी पुरेशी होती. दहावी! माझ्या टेबलाशी उभी होती तेव्हा ती शिक्षणाच्या अटीत जवळजवळ बसत होती, आणि मी तिला 'खूप शिक्षण लागतं' असं सांगत होते. पैशाचं खरं होतं, इंग्रजीचंही थोडंफार खरं होतं. पण हे खरं नव्हतं. आपल्या देशात वैमानिक बायकांची संघटना निघून तेव्हा सोळा वर्षं झाली होती. एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं. पण कुणाला टाकायचं हेच मला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं सुचलंही नाही.

ती पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली. आठ-दहा वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली तेव्हा मी धीर करून तिला ते आठवण करून दिलं. ती खळखळून हसली. "मी असं म्हटलं होतं बाई? मला तर आठवतच नाही." कदाचित खरंच आठवत नसेल. कदाचित बाईंना वाईट वाटू नये म्हणून म्हणाली असेल. ती तशी समजूतदार.

म्हणून भाचेजावईंना माझं सांगणं असं की हारतुऱ्यांना तुम्ही खुशाल नावं ठेवा, मीही ठेवते. 'पहिली महिला अमुक', 'पहिली महिला तमुक' याचं आपल्याला फार वेड आहे. पहिलीचं कौतुक होतंच, ती बातमीच असते. हेलन रिचींचंही झालं होतं. कौतुक करणाऱ्यांपैकी खराब हवेच्या दिवशी त्यांच्या बाजूने उभं राहायला फार थोडे आले. संघटना लागते ती विसाव्या, शंभराव्या बाईला, जिचा फोटो कुणी छापणार नाही. आणि तिला लागणाऱ्या गोष्टी फार साध्या असतात हो.

मी नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मला वाटत होतं की बिनपगारी रजा घ्यावी लागणार, कदाचित नोकरीही जाईल. वरच्यांनी तसं सूचित केलं होतं. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी मला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं, नियम काय आहे ते सांगितलं आणि अर्जाचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून दिला. आमच्या स्टाफरूममध्ये सहा जणी होतो. भिशी लावायचो. त्या भिशीत पैशापेक्षा अशा माहितीची देवाणघेवाण जास्त व्हायची. वैमानिक मुलीचं तर आणखी अवघड. गरोदरपणात वैद्यकीय नियमाने उड्डाण बंद होतं. पगाराचा एक भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, तो गेला. आणि नव्वद दिवसांत ठरावीक वेळा विमान उडवलं-उतरवलं नसेल तर प्रवासी घेऊन उडताच येत नाही. परत येताना पुन्हा सिम्युलेटरवर सराव, तपासणी, हे सगळं आलं. २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची रजा आहे, छान आहे. पण ती रजा संपवून कॉकपिटमध्ये परत कसं बसायचं, हे सांगायला ज्या बाईने ते केलंय तीच हवी.

आणि वाट बंद झाली तर दुसरी वाट असते, हेही तीच सांगू शकते. हरप्रीत ए. डी. सिंग यांची १९८८ मध्ये एअर इंडियात वैमानिक म्हणून निवड झाली, पण तब्येतीच्या कारणाने उडता आलं नाही. त्या विमान क्षेत्र सोडून गेल्या नाहीत. सुरक्षेच्या कामात मोठ्या पदांवर गेल्या, आणि २०२० मध्ये अलायन्स एअरच्या प्रमुख झाल्या. आपल्या वैमानिक महिलांच्या संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. एखाद्या मुलीची मेडिकल नापास झाली तर तिला आधी यांची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. घरातले लोक फक्त म्हणतील, "बघ, आम्ही सांगत होतो."

भाचेजावईंचं आणखी एक म्हणणं होतं, आपण तर जगाच्या पुढे आहोत, आता काय रडायचं? आकडे तसे खरेच आहेत. २०२१ च्या सुमारास आपल्याकडच्या विमानकंपन्यांत साधारण बारा टक्के वैमानिक बायका होत्या, जगात जेमतेम पाच-सहा टक्के. हा हिशेबही वैमानिक बायकांच्याच एका आंतरराष्ट्रीय संघटनेने ठेवलेला. १९७८ मध्ये एकवीस जणींनी ती काढली. बारा टक्क्यांचा मला अभिमान आहेच. पण शंभरात बारा म्हणजे आमच्या साठ जणांच्या वर्गात सात मुली. मी सात मुलींचा वर्ग शिकवला आहे. त्या सातजणी एका बाकाभोवतीच बसतात, आणि प्रश्न विचारायला हात वर करत नाहीत.

संघटनांवरही माझा राग आहे, तो लपवत नाही. यांचं काम बहुतेक मोठ्या शहरात, आणि बहुतेक इंग्रजीत. वडील सैन्यात नाहीतर विमानकंपनीत, अशा मुलींना यांचा पत्ता आधीच माहीत असतो. शाळांमधून मुलींसाठी कार्यक्रम करतात, चांगलं आहे, पण ते तालुक्याच्या मराठी शाळेपर्यंत किती पोचतात? माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही कुणी आलं नाही. एक साधा कागद मराठीत छापा. दहावीनंतर फिजिक्स-गणित सोडू नका. ज्यांनी आर्ट्स घेतलं त्यांना मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देता येतात. दोनशे तास उड्डाण लागतं. चष्मा असला तरी चालतो, पण चष्म्यासकट नजर पूर्ण हवी. एवढंच. तो कागद शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवा. माझ्यासारख्या बाईला मग खोटं उत्तर द्यावं लागणार नाही.

असो. गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. मुलीने अखेर एका संघटनेकडे लिहिलं होतं. उत्तर आलं, आणि एका विमानकंपनीतल्या कॅप्टन बाईंनी स्वतः फोन केला. वीसेक मिनिटं मुलीशी बोलल्या. मग म्हणाल्या, बाबा आहेत का घरी, त्यांना द्या. भाचेजावई तब्बल चाळीस मिनिटं बोलत होते, वही घेऊन! त्या बाईंनी म्हणे पहिलंच वाक्य सांगितलं, "फी भरायच्या आधी मेडिकल करून घ्या. आधी क्लास टू, मग क्लास वन." हे त्यांना आजपर्यंत एकाही ट्रेनिंगवाल्या एजंटने सांगितलं नव्हतं. मग म्हणाल्या, संस्थेत गेलात की इमारत बघू नका. विमानं किती आहेत ते विचारा, त्यातली आज उडण्याच्या स्थितीत किती, शिकवणारे किती, आणि मागच्या मुलांना दोनशे तास व्हायला किती महिने लागले. मोठ्या विमानाचं ट्रेनिंग वेगळं, त्याचे पैसे वेगळे. लायसन्स मिळालं म्हणजे दुसऱ्या दिवशी नोकरी, असंही समजू नका. होस्टेलबद्दलही बोलल्या, रात्री उशिरा उड्डाण संपल्यावर मुली परत कशा जातात ते विचारायला सांगितलं.

भाची म्हणाली, "मावशी, हे आम्हाला सुचलंच नसतं गं."

मेडिकलची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. मुलीला उणे दोनचा चष्मा आहे, त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा आहे. प्लॉटसाठी गिऱ्हाईक आलं होतं, भाचेजावईंनी त्याला पंधरा दिवस थांबायला सांगितलं आहे. ती वही मात्र त्यांनी टीव्हीशेजारी ठेवली आहे, आणि त्या कॅप्टन बाईंचा नंबर पहिल्याच पानावर लिहिला आहे.